शहरांच्या बसगाड्या आणि आपला ताळेबंद

(मंडळाच्या मासिक सभेत चिक्कडपल्ली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. सभेला येऊ न शकलेल्या सभासदांसाठी येथे देत आहोत.)





आजचा विषय आमच्या घरातल्या एका वादातून निघाला. दिवाळीला डोंबिवलीची, पुण्याची आणि नांदेडची मंडळी आमच्याकडे जमली होती. मराठी माणसे जेवून उठली की पहिला वाद राजकारणाचा आणि दुसरा कोणाचे शहर चांगले याचा. डोंबिवलीचे मेहुणे म्हणाले, "लोकल नाही ते शहर कसले?" पुण्याचे साडू म्हणाले, "बस असो नसो, आमच्या घरात माणशी एक दुचाकी आहे." आम्हीही मागे हटलो नाही. घरापासून चालत पाच मिनिटांवर मेट्रोचे स्थानक आहे, हे दोनदा ऐकवले. एवढ्यात आमच्या आईने विचारले, "ते सगळं खरं रे, पण उद्या मला काचीगुड्याला नांदेडची गाडी धरायची आहे. पिशवी घेऊन तिथवर जाऊ कशी?"

सगळे गप्प झाले. चिक्कडपल्लीहून काचीगुडा स्टेशन जेमतेम दोन-तीन किलोमीटर. मेट्रो तिथे जात नाही. बस जाते ती मुख्य रस्त्याने, पुढे पिशवी घेऊन चालावे लागते. शेवटी रिक्षाच बोलावली.

तेव्हापासून आम्ही ठरवले की शहराशहरांची तुलना करायची ती आईच्या प्रश्नावर करायची. आम्ही बँकेतले कारकून. खात्यात नुसती जमा पाहून खुश होण्याची आम्हाला सवय नाही, नावेची बाजूही पाहावी लागते. आज मुंबई, पुणे, बेंगळुरू आणि आपले हैदराबाद यांच्या दोन्ही बाजू आपल्यापुढे ठेवतो.

आधी आपला वारसा

हैदराबादकर म्हणून एक गोष्ट अभिमानाने सांगितली पाहिजे. सरकारी बससेवा ही आपल्याकडची जुनी पुंजी आहे. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने आपले रस्ते वाहतूक खाते सुरू केले, तेव्हा त्यात २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. महाराष्ट्रात आपण जिला लालपरी म्हणतो ती एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिल्यांदा धावली. म्हणजे आपण सोळा वर्षे पुढे होतो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे औरंगाबाद, परभणी, नांदेडच्या आपल्या आजोबांनी जी सरकारी बस पाहिली ती याच कुळातली. गौलीगुड्याची ती प्रचंड गोल पत्र्याची शेड आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. गावाकडून आलेला पाहुणा तिथेच उतरायचा. जुलै २०१८ मध्ये ती कोसळली. आपल्या बसच्या नंबरातले 'झेड' हे अक्षर निजामाच्या आईच्या, जेहरा बेगमच्या, आठवणीसाठी असल्याचे म्हणतात. खरेखोटे इतिहासकार जाणोत, पण लहानपणी डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की हा किस्सा वडील हमखास सांगायचे.

या वारशातली खरी महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या काळी रेल्वे आणि बस एकाच मालकाच्या होत्या. दोन्हींचा हिशेब एकाच दप्तरात लागत होता, त्यामुळे बसने रेल्वेशी स्पर्धा न करता तिला प्रवासी आणून द्यावेत असा विचार करता येत होता. १९५१ मध्ये निजाम रेल्वे मध्य रेल्वेत गेली, बस राज्याकडे राहिली. पुढे ११ जानेवारी १९५८ रोजी आंध्र प्रदेशचे आरटीसी महामंडळ झाले, राज्य विभाजनानंतर तेलंगणाचे वेगळे झाले. ९ ऑगस्ट २००३ रोजी एमएमटीएस आली, ती रेल्वेची. नोव्हेंबर २०१७ मध्ये मेट्रो आली, ती खाजगी भागीदारीतली. प्रत्येक वेळी शहराला एक नवी गाडी मिळाली आणि एक नवा मालक मिळाला. आईच्या प्रश्नाचे उत्तर कुणाकडेच का नाही, याचे मूळ इथे आहे.

मुंबई

मुंबईची जमा बाजू मोठी आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी, ३ फेब्रुवारी १९२५ ला विजेवरची पहिली लोकल. आज मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या मिळून रोज तीन हजारांहून अधिक लोकल फेऱ्या होतात. आपल्या एमएमटीएसच्या फेऱ्या शंभराच्या आतबाहेर. मुंबईकर वेळापत्रक पाहतो ते मिनिटाच्या हिशेबाने, 'आठ सत्तावीसची फास्ट' म्हणतो. आपल्याकडे एमएमटीएसची गाडी चुकली तर माणूस स्टेशनबाहेर येऊन शेअर ऑटो पाहतो. रूळ आहेत, स्थानके आहेत, पण फेऱ्या नाहीत आणि फेऱ्या नाहीत म्हणून प्रवासी नाहीत.

मुंबईची नावेची बाजूही तितकीच खरी आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले आणि काही जणांचे प्राण गेले. दारात लटकून रोज कामावर जाणारा माणूस तिकिटाचे पैसे देतोच, वर जीवही गहाण ठेवतो. अशा व्यवस्थेला नुसते 'जीवनवाहिनी' म्हणून ओवाळून भागत नाही.

बेस्टची कहाणी आपण नीट अभ्यासली पाहिजे. १५ जुलै १९२६ ला मुंबईत पहिली बस धावली. बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे पाच रुपयांवर आणले, प्रवासी खुश झाले. पण स्वतःच्या गाड्या जुन्या होऊन बाद होत गेल्या, त्यांच्या जागी तितक्या नव्या आल्या नाहीत, भाडेतत्त्वावरच्या गाड्यांवर भिस्त वाढली. मे २०२५ मध्ये किमान भाडे दहा रुपये झाले. भाडे कमी करणे सोपे, कारण ते एका सहीने होते. गाड्या टिकवायला दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते. स्वस्त तिकीट हातात आहे आणि बस अर्धा तास येत नाही, तर ते तिकीट स्वस्त कसले?

याचा साधा हिशेब मांडू. समजा एका माणसाला जाताना वीस आणि येताना वीस मिनिटे बसची वाट पाहावी लागते. दिवसाची चाळीस मिनिटे, वर्षाचे कामाचे तीनशे दिवस धरले तर बारा हजार मिनिटे, म्हणजे दोनशे तास. आठ तासांचा दिवस धरला तर पंचवीस दिवस. वर्षातून पंचवीस दिवस आपण स्टॉपवर बिनपगारी ड्युटी करतो. ही रक्कम कुठल्याच महामंडळाच्या ताळेबंदात दिसत नाही, कारण ती आपल्या खिशातून जाते.

पुणे आणि तिची भावंडे

पुण्याने दोन गोष्टी धाडसाने केल्या. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका करून पाहिली, आणि २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवडच्या दोन परिवहन सेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही एकच कंपनी केली. दुसरी गोष्ट टिकली. पहिलीचे काय झाले ते पुण्याचे नातेवाईक सांगतील. मार्गिकेत दुचाक्या घुसल्या, चौकात ती तुटली, काही ठिकाणी ती काढूनच टाकली. मार्च २०२२ पासून मेट्रो आली आहे, पण साडूंच्या घरातल्या दुचाक्या कमी झालेल्या नाहीत.

हा दोष एकट्या पुण्याचा मानू नका. दिल्लीने २००८ साली केलेली बस मार्गिका २०१६ मध्ये उखडली. इंदूरमध्ये मराठी वस्ती मोठी, तिथली मार्गिका २०१३ पासून चालली आणि २०२५ मध्ये ती काढण्याचे आदेश झाले. अहमदाबादची जनमार्ग सेवा मात्र ऑक्टोबर २००९ पासून चालू आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहराने डिसेंबर २००० मध्ये अशाच मार्गिकांवर जलद बससेवा सुरू केली आणि ती जगभर उदाहरण झाली. यातून आम्हाला एवढेच दिसते की मार्गिका सिमेंटने उभी राहते, पण टिकते ती राजकीय पाठिंब्यावर. मोटारवाला आमदाराला फोन करतो. बसमधला प्रवासी फोन करत नाही. म्हणून रस्ता मोटारीला मिळतो.

बेंगळुरू

बेंगळुरूच्या रहदारीला आपण सगळेच हसतो. पण बसच्या बाबतीत हसण्यापूर्वी आकडे पाहावेत. तिथल्या महामंडळाकडे साडेसहा-सात हजार बसगाड्या आहेत. आपल्या शहरात सुमारे तीन हजार. दोन्ही शहरे कोटीच्या वरची. केंद्र सरकारच्या नगरविकास खात्याच्या मापदंडानुसार उत्तम सेवेला हजार लोकांमागे ०.६ बस हवी, म्हणजे लाखाला साठ. आपले शहर एक कोटीचे धरले तर आपल्याकडे लाखाला तीस. निम्मे. २०१९ च्या दीर्घ संपानंतर शहरातल्या गाड्या कमी केल्या गेल्या आणि तो खड्डा पुरता भरलेला नाही.

मे २०२५ मध्ये केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून बेंगळुरूला सुमारे साडेचार हजार आणि हैदराबादला दोन हजार विद्युत बसगाड्या मंजूर झाल्या. या गाड्या जसजशा येतील तसतसा प्रश्न विचारला पाहिजे की या जुन्या गाड्यांच्या जागी येणार की त्यांच्या जोडीला येणार. बदली असेल तर लाखाला तीसचे तीसच राहतील, फक्त धूर कमी होईल. तेही चांगलेच, पण वाट पाहणे कमी होणार नाही.

आपले हैदराबाद

आता आपली जमा बाजू. ७ फेब्रुवारी २०२० रोजी जुबिली बस स्टेशन ते महात्मा गांधी बस स्थानक हा अकरा किलोमीटरचा मेट्रोमार्ग सुरू झाला. मुशीराबाद, आरटीसी क्रॉस रोड्स, चिक्कडपल्ली, नारायणगुडा, सुलतान बाजार, असा आपल्या मराठी वस्तीच्या अंगणातूनच तो जातो. सुलतान बाजारच्या व्यापाऱ्यांनी त्याला किती वर्षे विरोध केला ते आपण पाहिले आहे. आज विवेक वर्धिनीत शिकणारी मुले आणि ग्रंथसंग्रहालयात येणारे आजोबा त्याच मेट्रोने येतात.

दुसरी मोठी जमा ९ डिसेंबर २०२३ पासूनची महालक्ष्मी योजना. तेलंगणातील महिलांना शहरात ऑर्डिनरी आणि मेट्रो एक्स्प्रेस बसमध्ये तिकीट माफ. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजना, दिल्लीत ऑक्टोबर २०१९ पासून मोफत प्रवास. आपल्यातले काही जण या योजनेला 'फुकटेगिरी' म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. घरकाम करून चार घरे सांभाळणारी बाई पूर्वी दोन स्टॉप चालत जायची, ती आता बसते. महिन्याला वाचलेले पैसे ती तिच्या मुलाच्या फीमध्ये भरते. आम्ही काउंटरवर बसतो, ती पाच-पाचशेची भरणा स्लिप आम्ही पाहतो. मात्र योजना राज्याच्या आधार कार्डावर चालते, त्यामुळे आपली मामी नांदेडहून आली की तिला तिकीट काढावे लागते. आणि आपली आई सीमा ओलांडून एसटीत बसली की तिथे अर्धे तिकीट. मराठी माणसाचे अर्धे आयुष्य सीमेवर गेले, तिकीट तरी कसे सुटेल!

नावेची बाजू अशी. बायकांची गर्दी वाढली, गाड्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. पुढच्या दाराशी बायका लोंबकळतात आणि मागे पैसे देऊन पुरुष लोंबकळतात. भांडण मात्र दोघांत लागते. कंडक्टर मधे सापडतो. तिकीट माफ करणारे आणि गाड्या कमी ठेवणारे दोघेही त्या बसमध्ये नसतात.

जोडणीचे तर विचारूच नका. आपल्याच मंडळातील एका सभासदाची मुलगी हायटेक सिटीच्या पुढे नोकरीला लागली. चिक्कडपल्लीहून मेट्रोने परेड ग्राउंडला जाऊन गाडी बदलायची, रायदुर्गला उतरायचे. इथवर सगळे छान. पण तिथून कार्यालय चार किलोमीटर. सकाळी शेअर ऑटो मिळते. रात्री साडेदहाला सुटल्यावर अंधारात ऑटो शोधायची, अकराच्या सुमाराची शेवटची मेट्रो गाठायची, मधे बदलायची. वडील रोज चिक्कडपल्लीच्या जिन्याखाली उभे राहायचे. सहा महिन्यांनी मुलगी तिकडेच हॉस्टेलात राहायला गेली. पगारातला मोठा हिस्सा हॉस्टेलला जातो. घरात तिची खोली रिकामी आहे. एकोणसत्तर किलोमीटरची मेट्रो आणि मधे चार किलोमीटरची खोट. वडिलांनी आम्हाला विचारले, "भाऊ, तक्रार कुणाकडे करू?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

तक्रार कुणाकडे करायची?

हाच आजच्या भाषणाचा राजकीय मुद्दा. मुंबईत बेस्ट महापालिकेची आहे, म्हणून मुंबईकर नगरसेवकाला बसबद्दल जाब विचारू शकतो. पुण्यात कंपनी दोन महापालिकांची आहे, तिथेही नगरसेवकाला कानावर हात ठेवता येत नाहीत. आपल्याकडे आरटीसी राज्याची, एमएमटीएस रेल्वेची, मेट्रो सुरू झाली ती खाजगी कंपनीच्या हाती, आणि महापालिकेकडे राहिले फूटपाथ व बसथांब्याचे छप्पर. नगरसेवकाकडे गेलो तर तो आमदाराकडे बोट दाखवतो, आमदार मंत्र्याकडे, मंत्री केंद्राकडे.

पण दार थोडे उघडले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने मेट्रो खाजगी कंपनीकडून आपल्याकडे घेण्याचे ठरवले. म्हणजे बस आणि मेट्रो या दोन्हींच्या तिकिटाचा निर्णय एकाच सरकारच्या हाती येण्याची वाट मोकळी झाली. बस-मेट्रोचे एक तिकीट का नाही याला 'मालक वेगळे' हे उत्तर यापुढे चालू देऊ नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत रेल्वे, मेट्रो, बस अशा अकरा सेवांचे तिकीट एका ॲपवर आले. मुंबईला अकरा मालक जमवता आले, आपल्याला दोन-तीन जमवायचे आहेत.

आपण काय मागायचे

मोठमोठ्या मागण्या करून सभा संपवायची सवय आपल्याला आहे. आम्ही तीनच ठेवतो.

पहिली: चिक्कडपल्ली आणि नारायणगुडा या मेट्रो स्थानकांपासून काचीगुडा आणि विद्यानगर या रेल्वे स्थानकांपर्यंत लहान बस, पहाटे पहिल्या रेल्वेगाडीपासून रात्री शेवटच्या मेट्रोपर्यंत. अंतर एवढेसे आहे की दोन-तीन गाड्यांत काम भागेल.

दुसरी: प्रत्येक थांब्यावर बसचा क्रमांक, मार्ग आणि शेवटच्या बसची वेळ लिहिलेली पाटी, तेलुगू, उर्दू, हिंदी आणि इंग्रजीत. मराठीत पाटी मागण्याचा मोह आम्ही आवरला आहे. मुंबईत बेस्टच्या पाटीवरचा मराठी आकडा न कळून आमचा एक तेलुगू सहकारी दादरला तासभर उभा होता. पाहुण्याची अडचण काय असते ते आपण दोन्हीकडून जाणतो.

तिसरी: नव्या विद्युत बसगाड्यांपैकी किती गाड्या शहरात आणि कोणत्या डेपोला, हा तक्ता लोकांसमोर लावावा.

अर्जाचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. आरटीसीचे मुख्यालय बस भवन आपल्या शेजारी, आरटीसी क्रॉस रोड्सला. तिथे अर्ज द्यायला रिक्षासुद्धा लागणार नाही. अर्ज तेलुगूत आणि इंग्रजीत असेल. सही करताना पक्ष कोणता ते पाहू नये, मतदार यादीत नाव आहे की नाही तेवढे पाहावे.

शेवटी एक विनंती आपल्या आपल्यातच. गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी कितीजण बसमध्ये बसले? आम्हीही हात वर करायला कचरतो, कारण पाऊस आला की आम्हीही स्कूटर काढतो. पण जे वापरत नाहीत त्यांच्या तक्रारीला वजन नसते. आठवड्यातून एक दिवस तरी बसने जा, किती वेळ थांबलात ते वहीत लिहा, आणि पुढच्या सभेला ती वही घेऊन या. शंभर सह्यांपेक्षा अशा वीस वह्यांना अधिकारी जास्त घाबरतो, हा आमचा नोकरीतला अनुभव आहे.

आई संक्रांतीला परत नांदेडला जाणार आहे. तोवर लहान बस सुरू होईल असे आम्ही म्हणत नाही. रिक्षा बोलवावी लागेलच. पण त्याच्या पुढच्या वेळी तिने तोच प्रश्न विचारला तर 'अर्ज दिला आहे, अमुक तारखेला पोच मिळाली आहे' एवढे तरी तिला सांगता यावे.

 अर्ज दाराजवळच्या टेबलावर आहे, पेनही ठेवले आहे. जाताना सही करून जावे.